घट

हुपरीहून साडेनऊची गाडी. दुसरा मंगळवार.
पिशवीत दोन भाकरी, वांग्याचं भरीत,
आणि तळाला कोर्टाचा कागद,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला.

एकशेचाळीस ग्रॅम.
एवढंच कमी भरलं शेठच्या काट्यावर.
आमच्यात घट धरतात,
डाग देताना उडतं, पॉलिशला झिजतं,
घर झाडलं तर केरातबी चांदी घावती.
पण घटीच्या पलीकडचं, ते चोरीचं.
मी न्हाई म्हणालो न्हाई.
निम्मं भिशीत गेलं,
निम्म्याचं काय झालं, अजून आठवत न्हाई.

जजसाहेब म्हणाले, पहिलाच गुन्हा,
दोन वर्षं नीट वागायचं.
नीट म्हंजे काय
ते डोईफोडे मॅडम बघतील.

मॅडम परभणीकडच्या.
पहिल्या दिवशी लिहिता लिहिता थांबल्या.
"'गेलो होतो' नाही बाई, 'गेले होते'."
मी म्हणालो, आमच्याकडं बायका गेलोच म्हणतात.
त्यांनी खोडलं, वर बारीक अक्षरात दुरुस्त केलं.
राजाक्का आप्पासो मगदूम
कागदावर पहिल्यांदाच कुठंतरी 'गेली'.

मग एकदा घरी आल्या, न सांगता.
गल्लीत सगळ्या बायका मणी ओवत बसलेल्या,
पैंजणाच्या ढिगाकडनं माना वर.
मी तोंडाला येईल ते बोललो,
बचत गटाच्या मॅडम हायत.
त्या माझ्याकडं बघत राहिल्या.
मग चप्पल काढली, जोत्यावर बसल्या,
शेजारच्या सुंदराक्कानं व्याज किती विचारलं
तर म्हणाल्या, "वरून अजून आलं नाही."
पुढं वर्षभर सुंदराक्का मला विचारत होती,
आलं का गं वरनं?

एवढं सगळं खरं, आणि हेबी खरं की
श्रावणात गाडी फेल झाली,
मी गोकुळ शिरगावापासनं टमटमनं आलो,
पाच वाजून दहा मिनिटं, दाराला कुलूप,
आणि वहीत 'गैरहजर'.
पुढच्या खेपेला भांडलो.
मॅडमनी ऐकून घेतलं, खोडलं न्हाई.
माझं 'गेलो' तेवढं खोडता येतं होय, म्हणालो.
त्या दिवशी चहा आला न्हाई.
रात्रभर मला कळंब्याची भिंत दिसत होती.
त्यांच्या एका ओळीएवढीच ती लांब.

दिवाळीच्या आधी त्यांनी ड्रॉवर उघडला,
कागदाच्या पुडीत एक पैंजण,
कडी तुटलेली, तीन घुंगरं सुटी.
"लेकीचं आहे. तुला जमेल?"
दोन वर्षांत माझ्या हाती कुणी
चांदीचा तुकडा दिला नव्हता.
शेठनं न्हाई, सख्ख्या जावेनं न्हाई.
मी पुडीला हात लावला न्हाई.
आधी काटा, म्हणालो.
खाली किराणावाल्याकडं इलेक्ट्रिकचा हाय.
"अगं, कशाला?"
कशाला म्हंजे? चला.

अठ्ठेचाळीस ग्रॅम, तीनशे मिली.
त्यांच्याच वहीत लिहाय लावलं, सही घेतली.
पुढच्या मंगळवारी परत त्याच काट्यावर
अठ्ठेचाळीस, सहाशे.
"वाढलं कसं?"
डागाचं वजन, म्हणालो. जोडलं की वाढतं.
किराणावाला दोघींकडं बघत होता,
त्याला वाटलं, मॅडमच काहीतरी विकाय आल्यात.

आज बंध संपला.
मॅडमनी शेरा लिहिला, 'वर्तन समाधानकारक',
शिक्का जरा तिरका बसला.
मी पिशवी उचलली,
दारात वळून सवयीनं म्हणालो, येतो हां.

"राजाक्का," त्या म्हणाल्या,
"आज तरी जाते म्हण."

मी उंबऱ्यात उभा.
जाते म्हणाय जीभ वळंना.
आमच्यात घरातनं निघताना
तसं कुणी म्हणत न्हाई.